नोंदवहींतला माणूस

[नभोवाणीवर वाचलेलें भाषण]

गेल्या महिन्यांत माझ्या धाकट्या बंधूंच्या घरीं जेवतांना एक लहानसा वाद झाला. त्यांची कन्या, म्हणजे माझी पुतणी, कायद्याची पदवी-परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाली आहे. आतां ती काळा झगा घालून कोर्टांत उभी राहील, पक्षकार येतील, चार पैसे मिळतील, असें आम्हां सर्वांस वाटत होतें. पण तिनें शांतपणें सांगितलें, "मला वकिली करावयाची नाहीं. मला आणखी शिकावयाचें आहे आणि मग शिकवावयाचें आहे." विषय कोणता, असें विचारल्यावर तिनें सांगितलें, "इंटरनेटचा आंतरराष्ट्रीय कायदा आणि माणसाच्या खाजगी माहितीचें रक्षण." बंधूंच्या हातांतला घास हातांतच राहिला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, तुम्हीं जन्मभर शाळा चालविली. तुम्हीच सांगा, लोकांच्या नांवागांवाची राखण करावयाची, याला का विद्या म्हणावयाचें?"

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलें, आणि त्यांपैकीं बरींच वर्षें शाळेचें दप्तर सांभाळलें. कायद्याचीं कलमें मला कोठून येणार? "विचार करून सांगतों," एवढेंच म्हणून मीं त्या दिवशीं वेळ मारून नेली. मग पुतणीकडून कांहीं पुस्तकें व लेख आणले. अडलें तेथें तिलाच विचारलें. म्हातारपणीं मास्तर विद्यार्थी झाला म्हणजे त्याची झोप उडते, माझीहि उडाली. कारण वाचतां वाचतां मला माझ्याच हातून घडलेली एक चूक आठवली. ती मी पुढें सांगणार आहें. बंधूंना द्यावयाचें उत्तर आज मी आपणां सर्वांच्या समक्ष देतों. त्यांच्या घरीं या वेळीं रेडिओ लावलेला असतो, हें मला ठाऊक आहे.

आधीं विषय काय तो पाहूं. माणूस जन्मास आला कीं त्याची एक नोंद होते. शाळेंत गेला कीं दुसरी, आजारी पडून दवाखान्यांत गेला कीं तिसरी; नोकरीस लागला, कर भरला, बँकेंत पैसे ठेवले, कीं आणखी नोंदी. असा प्रत्येक माणूस दोन ठिकाणीं राहत असतो. एक आपल्या घरांत आणि दुसरा नोंदवह्यांत. पूर्वीं ह्या नोंदवह्या निरनिराळ्या कचेऱ्यांच्या निरनिराळ्या कपाटांत असत. शाळेच्या रजिस्टराची दवाखान्याच्या रजिस्टराशीं ओळख नसे. धूळ, वाळवी आणि कारकुनाचा आळस हे तिघे आपल्या खाजगी आयुष्याचे बिनपगारी पहारेकरी होते. संगणक आला आणि ह्या तिघांचीहि नोकरी गेली. सगळीं कपाटें एकमेकांशीं बोलूं लागलीं. पुढें इंटरनेट आलें आणि तीं समुद्रापलीकडच्या कपाटांशीं बोलूं लागलीं. ह्या बोलण्याला मर्यादा कोणीं घालावी, कशी घालावी, आणि मर्यादा मोडणारा परदेशांत बसला असेल तर त्याला जाब कोणीं विचारावा, हा या शास्त्राचा विषय.

हें शास्त्र ज्यांनीं पायापासून बांधलें अशा मोजक्या विद्वानांत स्पिरोस सिमिटिस यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. त्यांचा जन्म १९३४ सालीं ग्रीस देशांत अथेन्स येथें झाला. १९४१ ते १९४४ पर्यंत ग्रीस हा जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांच्या सैन्याखालीं होता. त्या वेळीं हा मुलगा शाळेच्या वयाचा होता. नवल असें कीं, मोठेपणीं तो कायदा शिकावयास गेला तो जर्मनींतच, मारबुर्गच्या विद्यापीठांत. त्यांचे धाकटे बंधु कोस्तास हेहि तेथेंच कायदा शिकले. पुढें ते राजकारणांत शिरले आणि १९९६ ते २००४ पर्यंत ग्रीसचे पंतप्रधान होते. थोरल्या भावानें मात्र अध्यापकाची खुर्ची सोडली नाहीं. फ्रँकफुर्टच्या विद्यापीठांत ते दिवाणी कायदा, कामगारांविषयींचा कायदा आणि त्या काळीं अगदीं नवा असलेला 'संगणक आणि कायदा' हा विषय शिकवीत. भावांपैकीं कोणाचें काम अधिक टिकेल याचा निवाडा मी करीत नाहीं. मी स्वतः मास्तर असल्यामुळें माझें मत कोणी निःपक्षपाती मानणार नाहीं!

फ्रँकफुर्ट शहर जर्मनीच्या ज्या प्रांतांत आहे त्याचें नांव हेस. १९६० नंतरच्या दशकांत ह्या प्रांताच्या सरकारनें आपला कारभार संगणकांवर नेण्याचें मनावर घेतलें. त्यांत हेतु वाईट नव्हता. शाळा कोठें काढावी, इस्पितळांत खाटा किती असाव्या, याचा हिशेब बिनचूक व्हावा एवढेंच सरकारला हवें होतें. परंतु साऱ्या प्रजेची माहिती एका ठिकाणीं गोळा झाली, तर ती ज्याच्या हातीं असेल त्याच्यापुढें प्रजेचें आणि प्रजेनें निवडलेल्या प्रतिनिधींचेंहि कांहीं चालणार नाहीं, ही गोष्ट विचारी लोकांच्या ध्यानांत आली. त्या विचारांतून ३० सप्टेंबर १९७० रोजीं हेसच्या विधिमंडळानें एक लहानसा कायदा संमत केला. माहितीच्या रक्षणासाठीं झालेला हा जगांतला पहिला कायदा. तो घडविण्यांत प्राध्यापक सिमिटिस यांचा मोठा वाटा होता.

त्या कायद्यानें सरकारी कचेऱ्यांना बजावलें कीं, संगणकांतली माहिती परक्याच्या हातीं पडतां कामा नये, आणि कोणाला ती गुपचूप बदलतांहि येऊं नये. आपल्याविषयीं चुकीची नोंद झाली असेल तर ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. ह्या साऱ्यावर देखरेख ठेवण्यासाठीं एक स्वतंत्र आयुक्त नेमण्यांत आला. तो मंत्र्याचा नोकर नव्हे, तर विधिमंडळानें निवडलेला. शिवाय ह्या यंत्रांच्या जोरावर सरकार विधिमंडळापेक्षां शिरजोर तर होत नाहीं ना, हें पाहणें हेंहि त्या आयुक्ताचें काम ठरलें. श्रोतेहो, १९७० सालीं कोणाच्या घरीं संगणक नव्हता आणि खिशांतला टेलिफोन कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता. मृगाचा पाऊस येण्याआधीं घर शाकारून घेणारा शेतकरी शहाणा समजावा, तसें हें शहाणपण होतें. तीन वर्षांनीं, म्हणजे १९७३ सालीं, स्वीडननें सबंध राष्ट्रासाठीं असा कायदा केला, आणि १९७७ सालीं पश्चिम जर्मनीनें केला.

हा विचार युरोपांतच आधीं कां सुचला? त्याचें कारण सुखाचें नाहीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं हॉलंडमधील लोकसंख्येचीं रजिस्टरें नीटनेटकेपणाबद्दल नांवाजलेलीं होतीं. प्रत्येक रहिवाशाचें एक कार्ड. त्यावर जन्मतारीख, पत्ता, धर्म. तीं लिहिणाऱ्या कारकुनांच्या मनांत कपट नव्हतें. १९४० सालीं जर्मन सैन्य आलें, आणि पुढें तींच नोंदपत्रें ज्यू कुटुंबांना हुडकण्याच्या कामीं आलीं. हॉलंडमध्यें सुमारें १,४०,००० ज्यू राहत होते. त्यांपैकीं एक लाखाहून अधिक लोक मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्रीं कांहीं चित्रकार, शिल्पकार, विद्यार्थी अशा मंडळींनीं पोलिसांचे पोषाख घालून अॅम्स्टरडॅमच्या नोंदणी-कचेरींत प्रवेश केला आणि कार्डांना आग लावली. कार्डांचा थोडाच भाग जळला. ही मंडळी पकडली गेली आणि त्यांच्यांतील बाराजणांना गोळ्या घालण्यांत आल्या. शस्त्रागार उडवून देण्यासाठीं माणसें प्राण देतात हें आपण वाचलें आहे. येथें माणसांनीं रजिस्टर जाळण्यासाठीं प्राण दिले. चांगल्या हेतूनें लिहिलेली वही उद्यां कोणाच्या हातीं जाईल, हें ती लिहिणाराला ठाऊक नसतें. युरोपांतल्या ह्या कायद्याच्या मुळाशीं ही आठवण आहे.

१९७५ सालीं सिमिटिस स्वतःच हेसचे आयुक्त झाले, आणि १९९१ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षें, त्यांनीं तें काम केलें. तेवढ्या काळांत प्राध्यापकीहि चालूच होती. सकाळीं वर्गांत तत्त्व सांगावें आणि दुपारीं कचेरींत तें तत्त्व खरें करून दाखवावें, असा योग किती शिक्षकांच्या वांट्याला येतो? मूळचे ते कामगार-कायद्याचे जाणकार. त्यामुळें त्यांची नजर सरकारी कपाटापाशींच थांबली नाहीं. कारखान्यांत मालकाचें यंत्र कामगाराची येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सुट्टी, आजार, कामाचा वेग, हें सारें टिपतें आणि त्यावरून कोणाला ठेवावें व कोणाला काढावें तें ठरतें, ही गोष्ट त्यांनीं फार लवकर पाहिली. १९८७ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकांत त्यांनीं एक दीर्घ लेख लिहिला. त्याचा मथितार्थ माझ्या शब्दांत असा: खाजगीपणा म्हणजे कोणा एका माणसाची दार लावून बसण्याची हौस नव्हे. आपल्या प्रत्येक पावलाची नोंद होत आहे असें ज्याला सतत वाटतें, तो माणूस हळूहळू नोंद ठेवणाराच्या मर्जीप्रमाणें वागूं लागतो. आणि अशा माणसांचें राज्य हें लोकांचें राज्य राहत नाहीं.

वर्गावर नजर ठेवणारा मास्तर खिडकीशीं उभा आहे, एवढें कळलें तरी मुलें प्रश्न विचारीनाशीं होतात. ह्या सत्याची साक्ष मी माझ्या अनुभवानें देऊं शकतों.

अशीच विचारसरणी १९८३ सालीं जर्मनीच्या सर्वोच्च घटना-न्यायालयानें मान्य केली. पश्चिम जर्मनींत त्या वर्षीं २७ एप्रिलला शिरगणती व्हावयाची होती. लोकांनीं हरकत घेतली. गणतींत गोळा झालेली माहिती नगरपालिकांच्या दप्तरांशीं ताडून पाहण्याची जी मुभा ठेवली होती, तिच्यावर विशेष आक्षेप होता. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वीं, १३ एप्रिल रोजीं, न्यायालयानें ती थांबविली, आणि १५ डिसेंबर १९८३ रोजीं निकाल दिला. आपली माहिती कोणाला, कोणत्या कामासाठीं द्यावयाची हें ठरविण्याचा अधिकार तत्त्वतः ज्याच्या त्याच्याकडे आहे, असें न्यायालयानें सांगितलें. सार्वजनिक हितासाठीं ह्या अधिकाराला मर्यादा घालतां येते. पण ती कायद्यानें, स्पष्ट शब्दांत आणि ठराविक हेतूसाठींच. आणखी एक मार्मिक गोष्ट न्यायालयानें सांगितली: यंत्राच्या युगांत क्षुल्लक माहिती अशी राहिलेलीच नाहीं. एकेकटी पाहिली तर जी गोष्ट निरुपद्रवी वाटते, ती दुसऱ्या दहा गोष्टींशीं जोडली कीं माणसाचें चित्र पुरें होतें. शिरगणती कायमची बंद पडली नाहीं. कायदा सुधारून ती १९८७ सालीं झाली. नोंदवही फाडून टाका असें हें शास्त्र सांगत नाहीं. ती ज्या कामासाठीं उघडली त्याच कामासाठीं वापरा, असें सांगतें.

आतां 'आंतरराष्ट्रीय' ह्या शब्दाकडे येऊं. माणसाला सरहद्द ओलांडावयाची तर परवाना लागतो. त्याची माहिती मात्र बिनपरवाना क्षणांत सातासमुद्रांपलीकडे जाते. एका देशानें कडक कायदा केला तर माहिती सैल कायद्याच्या देशांत नेऊन ठेवतां येते. म्हणून राष्ट्राराष्ट्रांमध्यें करार होणें भाग पडलें. १९८० सालीं ऑस्ट्रेलियाचे न्यायाधीश मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञांनीं तयार केलेलीं मार्गदर्शक तत्त्वें पुढारलेल्या देशांच्या आर्थिक संघटनेनें स्वीकारलीं. २८ जानेवारी १९८१ रोजीं युरोपच्या परिषदेचा करार सह्यांसाठीं खुला झाला. तो दिवस अजून माहिती-रक्षणाचा दिवस म्हणून पाळतात. त्या परिषदेच्या तज्ज्ञ-समितीचें अध्यक्षपद कांहीं वर्षें सिमिटिस यांच्याकडे होतें. १९९५ सालीं युरोपीय संघानें नियम केला कीं, ज्या देशांत पुरेसें रक्षण नाहीं तेथें आमच्या लोकांची माहिती सहसा पाठवूं नये; आणि २०१६ सालीं केलेला त्याहून व्यापक कायदा २५ मे २०१८ पासून अमलांत आला. कंपनीच्या साऱ्या जगांतल्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड करण्याची सोय त्यांत आहे.

हे नियम कागदावरच राहिले असते, तर बंधूंचा प्रश्न बरोबर ठरला असता. पण ते एका विद्यार्थ्यानें खरे करून दाखविले. व्हिएन्नाच्या मॅक्स श्रेम्स नांवाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानें २०११ सालीं फेसबुकला कायद्याच्या आधारें विचारलें, "माझ्याविषयीं तुमच्याकडे काय काय आहे तें दाखवा." त्याला बाराशेंहून अधिक पानें मिळालीं! पुढें त्याच्या तक्रारीवरून युरोपीय संघाच्या न्यायालयानें ६ ऑक्टोबर २०१५ रोजीं युरोपांतून अमेरिकेंत माहिती नेण्याची त्या वेळची एक व्यवस्था रद्द ठरविली. आणि तिच्या जागीं आणलेली दुसरी व्यवस्थाहि १६ जुलै २०२० रोजीं रद्द ठरली. अर्जदार विद्यार्थी होता; पण ज्या शब्दांवर तो जिंकला ते शब्द त्याच्या आधींच्या पिढींतल्या शिक्षकांनीं घडवून ठेवले होते.

श्रोतेहो, आतां माझ्या चुकीची गोष्ट.

पंचवीसएक वर्षें झालीं. मी एका तालुक्याच्या गांवीं शिकवीत होतों. वर्षाच्या मध्येंच एक बाई आपल्या मुलीला घेऊन शाळेंत आल्या. मुलगी चौथींत. बाई शिवणकाम करीत. रजिस्टरांत पत्ता लिहावयाची वेळ आली तेव्हां त्या किंचित् थांबल्या. मग हळू आवाजांत त्यांनीं पत्ता सांगितला आणि मीं तो सुवाच्य अक्षरांत लिहून घेतला. त्या कां थांबल्या, असा प्रश्न मला पडला नाहीं. मुलगी हुशार होती. तोंडीं हिशेबांत तिचा हात धरणारा वर्गांत कोणी नव्हता.

दोन महिन्यांनीं एक गृहस्थ आले. कपडे स्वच्छ, बोलणें मृदु. आपण मुलीचे काका आहों असें त्यांनीं सांगितलें. तिच्यासाठीं आणलेला नवा फ्रॉक त्यांनीं पिशवींतून काढून दाखविला. मुलगी त्या दिवशीं तापानें घरीं होती. घर कोठें, असें त्यांनीं विचारलें. मीं चहा मागविला, कपाटांतून रजिस्टर काढलें, चष्मा लावला आणि पत्ता वाचून दाखविला. एवढ्यावर न थांबतां, विठोबाच्या देवळामागची गल्ली, दारांत तगरीचें झाड, अशी खूणहि सांगितली. पाहुण्याची सोय केल्याचें समाधान मला वाटलें.

त्या रात्रीं मुलीचा बाप त्या घरीं पोंचला. त्याच्या मारहाणीला कंटाळूनच बाई गांव सोडून आल्या होत्या, हें मला दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांकडून कळलें. बाईंचा हात मोडला होता. आठवड्याच्या आंत मायलेकी तें गांवहि सोडून गेल्या. कोठें गेल्या, तें कोणालाच सांगून गेल्या नाहींत. शाळा सोडल्याचा दाखलासुद्धां त्यांनीं मागितला नाहीं. दाखला मागावयाचा म्हणजे पुन्हा एक पत्ता द्यावयाचा! वर्षाच्या अखेरीस त्या मुलीच्या नांवापुढें शेऱ्याच्या रकान्यांत मीं 'सतत गैरहजर' असें लिहिलें. खरें कारण मला ठाऊक होतें. पण त्यासाठीं रजिस्टरांत रकाना नव्हता.

त्या वेळीं मला कोणी दोष दिला नाहीं. वरिष्ठांनीं विचारलें नाहीं; मोडला असा नियमहि कोणी मला दाखविला नाहीं. मीं चोरी केली नव्हती, लांच घेतली नव्हती, खोटें बोललों नव्हतों. मीं फक्त एक खरी गोष्ट एका सभ्य दिसणाऱ्या माणसाला सांगितली होती. चूक कोठें झाली तें मला नेमक्या शब्दांत सांगतां येत नव्हतें. तें आतां ह्या पुस्तकांतून मला सांपडलें. तो पत्ता बाईंनीं मला प्रगतिपुस्तक पाठविण्यासाठीं दिला होता. त्या कामापुरताच तो माझा होता. बाकी सर्व कामांसाठीं तो त्यांचा होता, आणि मी त्याचा केवळ विश्वस्त होतों.

विश्वस्त हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या देशानें २०२३ सालीं याविषयीं जो कायदा केला, त्यांत माहिती गोळा करणाऱ्या संस्थेला असेंच विश्वस्ताच्या अर्थाचें नांव दिलें आहे. ह्या कायद्याच्या मागेंहि एक वृद्ध मनुष्य होता. आधार क्रमांक देण्यास २९ सप्टेंबर २०१० रोजीं आरंभ झाला, तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या गांवीं. त्या योजनेविरुद्ध कर्नाटकाचे निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांनीं २०१२ सालीं, वयाची ऐंशी वर्षें ओलांडल्यावर, सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे काय, असा प्रश्न त्यांतून उभा राहिला. १९५४ व १९६२ सालच्या निकालांत तसा हक्क मानलेला नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें तो मानला. त्या नवांत न्यायमूर्ति शरद बोबडे आणि न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड हे दोघे आपल्या महाराष्ट्राचे. चंद्रचूडांनीं आपल्या निकालपत्रांत आणीबाणीच्या काळांतला १९७६ सालचा निकाल चुकीचा ठरविला. त्या जुन्या निकालांत त्यांच्या वडिलांचाहि सहभाग होता. पुढें २०१८ सालीं आधारची योजना कांहीं मर्यादा घालून न्यायालयानें कायम ठेवली. म्हणजे येथेंहि वही राहिली आणि तिला कुंपण पडलें.

२०२३ च्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची संमति घ्यावी असें सांगितलें आहे, आणि मोठ्या कसुरीबद्दल २५० कोटि रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. शुद्धलेखनाच्या मास्तराला आवडावी अशी एक गोष्टहि त्यांत आहे: व्यक्तीचा उल्लेख करतांना त्यांत सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनाम योजिलें आहे, आणि त्यांत पुरुषहि आले असें समजावयाचें आहे! पण ह्या कायद्याविषयीं वादहि पुष्कळ आहेत. सरकारी खात्यांना ज्या सवलती दिल्या त्या फार सैल आहेत, असें कित्येक जाणकार म्हणतात. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांतलें एक कलम ह्यानें बदललें, त्यामुळें लबाड अंमलदाराला खाजगीपणाच्या पडद्याआड लपतां येईल, अशीहि भीति बोलून दाखवितात. पत्ता सांगूं नये हें खरें. पण रस्त्याचा ठेका कोणाला व किती रुपयांना दिला, हेंहि सांगूं नये काय? ही रेघ कोठें ओढावयाची, हें ठरविण्यासाठींच ह्या विद्येचे पंडित हवेत, आणि आपल्या देशाला ते पुष्कळ हवेत.

तेव्हां बंधुराज, माझें उत्तर ऐका. तुमच्या मुलीनें निवडलेला मार्ग लांबचा आहे. तिला प्रबंध लिहावा लागेल. यंत्र कसें चालतें तें इंजिनियरांकडून शिकावें लागेल. पांचदहा देशांचे कायदे शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे लागतील. सिमिटिस यांच्या संपादकत्वाखालीं निघालेलें जर्मन कायद्यावरचें भाष्य त्यांना आवृत्तीमागून आवृत्ती सुधारावें लागलें, तसें तिनें लिहिलेलेंहि दर चार वर्षांनीं जुनें होईल. गर्दीनें भरलेली वकिलाची ओसरी तिला मिळणार नाहीं. २०२३ सालीं सिमिटिस वारले, तेव्हां आपल्या आळींत ती बातमी कोणाला कळलीहि नसेल. तरी, मुलांच्या नांवनिशीचा कागद भरतांना आईबापांची परवानगी आहे काय, असा जो चौकोन आतां आपल्यापुढें येतो, त्याच्या मागें अशाच लोकांचें काम आहे.

आणि तुम्ही विचारतां, नांवागांवाची राखण ही विद्या आहे काय? ती विद्या मला कोणीं शिकविली असती, तर मीं त्या गृहस्थांना चहा दिला असता, फ्रॉक ठेवून घेतला असता, आणि म्हटलें असतें, "आपला निरोप मुलीच्या आईला पोंचवितों. त्यांनीं होकार दिला तर पत्ता कळवूं." दोन वाक्यें! पण तीं वेळेवर सुचावयाला त्यांच्या पाठीमागें कोणाचें तरी आयुष्य खर्च व्हावें लागतें.

श्रोत्यांना एवढीच विनंति कीं, आपल्यापैकीं प्रत्येकाकडे दुसऱ्या कोणाची तरी माहिती ठेवीसारखी आहे. सोसायटीच्या चिटणिसाकडे बिऱ्हाडकरूंची यादी आहे, डॉक्टरांकडे रोग्यांचे कागद आहेत, गृहिणीकडे मोलकरणीचा पत्ता आणि तिच्या घरचें दुःख आहे. कोणी गोड बोलून ती मागूं लागला तर क्षणभर थांबावें, आणि ही ठेव कोणाची व कशासाठीं आपल्याकडे आली आहे, तें आठवावें.

ती चौथींतली मुलगी आज पस्तिशीच्या घरांत असेल. कदाचित् ती हें भाषण ऐकतहि असेल. मी कोठें राहतों तें तिनें शोधूं नये, आणि ती कोठें राहते तें मीं विचारूं नये, हेंच बरें. मीं तिचें नांव आज घेतलें नाहीं, एवढें मात्र तिच्या ध्यानांत यावें.